मोठ्या लोहचुंबकाचा लांब हात

॥ श्री ॥

अंबरनाथ,
रविवार, १७ जानेवारी १९५४

चि. श्यामकांतभाऊजी यांस वृंदावहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीक असेल असं धरून चालते, कारण तुम्ही काही कळवत नाही आणि धरून चालण्यावाचून आम्हाला गत्यंतर नाही.

तुमचं कार्ड सखाने आणून दिलं. सासूबाईंनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. चार ओळींचं कार्ड परत वाचल्याने वाढत नाही, हे त्यांना पटत नाही. धाकट्या लेकाचं अक्षर बिघडलंय, एवढा एकच निष्कर्ष त्यांनी काढला आणि चष्मा पुसून ठेवून दिला.

कार्डात तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. माझा डोळा कसा आहे, आणि डोळ्यातला तो कण तुमच्या लोहचुंबकाने हलला होता का. दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत घरी येणार नाही, असं खाली बजावलंत. मुलीने मास्तरणीलाच पेपर काढून द्यावा, तसा हा प्रकार आहे. असो. पेपर घेतला आहे. उत्तरं कोणत्या क्रमाने लिहायची ते मात्र मी ठरवणार.

आधी सखा काय म्हणाला ते सांगते. वांगणीला त्याच्या ओटीवर तुम्ही बिऱ्हाड केलंत, भाताच्या गिरणीत पोती वजन करायचं काम धरलंत, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याने आणलेले वाल ओतून घेताना मी सहज विचारलं, भाऊजी कसे आहेत. तर म्हणाला, "बाय, तुजा दीर मानूस चांगला, पन लई गुमान. गिरनीचा पट्टा तुटला तं समदी त्याच्याकडं बघत व्हती. त्यानं हात खिशात घातलं नं म्हनला, मना नाय जमत."

शाळेत असताना ज्याने घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून, पुन्हा मिटवून, वर पाच मिनिटं पुढे जाण्याची त्याची खोड मोडली, त्याला गिरणीचा पट्टा जोडायला जमत नाही. भाऊजी, स्पष्ट लिहिते. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. डोळ्याचं दुखणं इस्पितळात तरी नेता येतं.

आता त्या दिवसाबद्दल. तुमच्या मनात त्याचं काय चित्र झालं आहे मला माहीत नाही. मी पाहिलं तसं लिहून काढते, म्हणजे निदान आपण दोघं एकाच दिवसाबद्दल बोलू.

दिवाळी तोंडावर आलेली. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला होता, त्यावर खोबरं नुसतं घसरायचं. म्हणून सासूबाईंनी पाटे टाकवणाऱ्या विठाला बोलावलं. ती मागच्या अंगणात बसून टाकी आणि हातोडीने पाट्याला टोचे पाडत होती. अर्धा पाटा झाला होता. मी शेजारी उकिडवी बसून बघत होते, कारण कुठलीही गोष्ट कशी करतात ते जवळून बघायची मला खोड आहे. विठाची टाकी जुनी. वर्षानुवर्षं हातोडी खाऊन तिचं डोकं फुललं होतं आणि कडेला लोखंडाचे कंगोरे आले होते. त्यातला एक उडाला. फार दुखलंही नाही. डाव्या डोळ्यापुढे धूर आल्यासारखं झालं, एवढंच.

तुम्ही सायकल काढलीत. निर्वासितांच्या कॅम्पात, तुम्ही काम करत होतात त्या टेकचंदच्या रेडिओच्या दुकानात, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, की लाउडस्पीकरमधला छोटा गोल लोहचुंबक पापणीपाशी धरतात आणि कीस टुणकन बाहेर येतो. ही तुमची तिथली रीत, आणि ती खोटी नाही. पण माझ्या डोळ्यातला कण दिसत नव्हता. खोल गेला असणार. मग तुम्ही हिशेब केलात की खोलातलं ओढायला मोठा हवा. मिलिटरीच्या भंगारातला तो नालेसारखा भलाथोरला लोहचुंबक, ज्याने टेकचंद पितळेतून लोखंड निवडतो, तो घेऊन आलात. मी मान वर करून बसले. शास्त्र शिकवणारी बाई, पण नको म्हणाले नाही. तुम्ही तो कानशिलाच्या बाजूने डोळ्याजवळ धरलात. काही बाहेर आलं नाही. मग आपण मुंबईला गेलो.

इस्पितळातला लोहचुंबक तुम्ही पाहिला नाहीत. ढोलाएवढा असतो आणि विजेवर चालतो. तो पेशंटपाशी आणत नाहीत, पेशंटला त्याच्यापाशी नेतात. आधी फोटो काढून कण नेमका कुठे आहे ते बघतात, मग डोकं हवं तसं वळवून बटण दाबतात. कण निघाला. लोखंड आत राहिलं तर ते गंजतं, आणि वरून काही दिसत नसताना डोळा आतल्या आत जातो, असं डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, आत दोन ओरखडे आहेत, एक कण शिरतानाचा, दुसरा कसला? कुणी घरी काही लावलं होतं का? तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. त्यानंतर तुम्ही मला दिसला नाहीत.

तुम्ही गेल्यावर डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले, ते तुम्ही ऐकायला हवं होतं. दुसरा ओरखडा प्रवासातल्या हिसक्यानेही झाला असेल, खात्रीने कुणी सांगू शकणार नाही, असं ते म्हणाले.

मला वाटतं, सांगता येईल. कण माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी तो औषधाच्या छोट्या बाटलीत घालून दिला, लोक प्रसाद देतात तसा. लोहचुंबक टेकचंदकडे आहे. शाळेत टेबल आहे आणि मला सवड आहे. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रयोग करून देईन. तोवर स्वतःला शिक्षा ठोठावू नका, पुरावा यायचा आहे.

पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर पट्टी निघाली, मी हिंडते-फिरते, वर्गावर जाते. काल चहा ओतताना थोडा टेबलालाही पाजला, पण तो मी पूर्वीही पाजत असे.

सोबत तिळगूळ आहे. गोड बोला असं म्हणायची पद्धत आहे. तुम्ही नुसतं बोललात तरी चालेल.

तुमची,
वृंदावहिनी


अंबरनाथ,
रविवार, १४ फेब्रुवारी १९५४

चि. श्यामकांतभाऊजींना आशीर्वाद, आणि या खेपेला थोडी चांगली बातमी.

तिळगूळ पोचल्याचं सखाकडून कळलं. तुम्ही तो गिरणीतल्या पोरीबाळींना वाटून टाकलात आणि स्वतः एकच खाल्लात, हेही कळलं. सखाला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. त्याला कधी सोडू नका.

तुमच्या दादांची कारखान्यात बढती झाली आहे. पगारापेक्षा त्यांच्या खुर्चीला हात आले याचा त्यांना जास्त आनंद आहे. सासूबाईंचा गुडघा थंडीत धरतो, पण देवळापर्यंत जातात आणि परत येताना कुणाच्या घरी काय शिजतंय याची बातमी आणतात.

आता प्रयोग. मी कॅम्पात जाऊन आले. टांग्यातून उतरताना पायरी वाटली त्याहून खाली निघाली. हल्ली पायऱ्या तशाच करतात. टेकचंदने मला खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला. मोठा लोहचुंबक न्यायला आलेय म्हटल्यावर तो म्हणाला, "बाईसाब, चुंबक ले जाव. वापस नहीं आया तो भी चलेगा. पर श्याम को वापस लाव. दो रेडिओ उघाड़े पड़े हैं, जैसे आपरेशन के बीच में डाक्टर भाग गया." मग म्हणाला, "उस दिन बड़े नाके पे सायकिल की चेन गिरी थी. उसने लगाई भी नहीं, सायकिल वहीं डाल के चुंबक उठा के भागा. मेरा पड़ोसी सायकिल ले आया. चेन अब तक वैसी ही है, सांई, मैंने हाथ नहीं लगाया."

चेन पडल्याचं तुम्ही मला कधी बोलला नव्हता. तेव्हा मोठ्या नाक्यापासून पुढचा सगळा रस्ता तुम्ही ते धूड छातीशी धरून पळत आलात. मी परत येताना ते टांग्यात मांडीवर घेतलं होतं आणि माझी मांडी भरून आली.

शाळेत दोन नालेसारखे लोहचुंबक आहेत, एकाच कंपनीचे, एकाच पोलादाचे. मोठा छोट्याच्या सगळ्या बाजूंनी दुप्पट. तराजूत घातला तर वजन आठपट भरलं. अकरावीच्या मुलींना विचारलं, छोट्याच्या किती पट उचलेल? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आठपट. मग आम्ही दोघांना उलटं टांगून खाली डबा लावला आणि डबा सुटून पडेपर्यंत त्यात वाळू ओतत गेलो. मोठ्याने छोट्याच्या साधारण चौपट उचललं, जास्त नाही. मुलींचा विश्वास बसेना. पुन्हा ओतली. तेच.

कारण सोपं आहे. लोखंड धरायचं काम टोकाच्या तोंडाचं. आकार दुप्पट केला की तोंड चौपट होतं आणि अंग आठपट. म्हणजे लोहचुंबक जितका मोठा करत जावा, तितका तो आपल्या वजनाच्या मानाने कमी उचलतो. उरलेलं अंग नुसतं बसून खातं. घरी हे सांगितलं तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे बडोद्याच्या काकांसारखं." तुमचे दादा हसता हसता ठसकले.

हे झालं शाळेतल्या शहाण्या लोहचुंबकांचं. टेकचंदचा तर बडा घर पोकळ वासा निघाला. लोहचुंबक ठेवताना त्याच्या दोन टोकांवर लोखंडाची आडवी पट्टी ठेवावी लागते, नाहीतर त्याचा जोर हळूहळू उतरतो. याला बिचाऱ्याला ती पट्टी कधी मिळालीच नसेल. भंगारात आपटला, उन्हात पडला, तसाच फरशीवर राहिला. त्याच्या अंगाकडे बघून मी मोठा डबा लावला होता, तो त्याने लावल्या लावल्या सोडला. उलट टेकचंदने बरोबर दिलेला तो लाउडस्पीकरमधला छोटा गोल, मुठीत मावणारा, त्याने स्वतःच्या वजनाच्या इतक्या पट उचललं की मुलींनी टाळ्या वाजवल्या. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं चिमीने फळ्यावर लिहून ठेवलं. चिमी म्हणजे पहिल्या बाकावरची, जी माझ्या आधी उत्तरं देते.

तेव्हा भाऊजी, आरोपी सुटण्याच्या मार्गावर आहे. ज्याला वाळूचा डबा पेलवत नाही, तो डोळ्याच्या आतला कण काय हलवणार? मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही. त्या दिवशी घरी येताना मी वाटेत भाजी घेतली, आणि कितीतरी दिवसांनी भाजीवाल्याशी भांडले.

आता एकच गोष्ट उरली आहे, ती रीतसर व्हायला हवी म्हणून. चायनाग्रास शिजवून काचेच्या पेल्यात ओतायचं, डोळ्यातल्या गरासारखं मऊ जमू द्यायचं, त्यात तोच कण ठेवायचा आणि लोहचुंबक बाहेरून तुम्ही धरला होतात तितक्या अंतरावर धरायचा. कण हलणार नाही. हलला नाही की तसं लिहून पाठवते. मग तुमच्यापाशी न येण्याचं कारण उरणार नाही, आणि नवीन कारण शोधायला तुम्हाला वेळही मिळू नये अशा बेताने सखालाच पुढच्या गाडीने पाठवीन.

शाळेत मला आता खालचे वर्ग दिलेत. मोठ्या बाईंचं म्हणणं, वह्या कमी तपासाव्या लागतील. चांगल्या आहेत स्वभावाने.

तुमची,
वृंदावहिनी


अंबरनाथ,
रविवार, ७ मार्च १९५४

चि. श्यामकांतभाऊजी यांना वृंदाचे आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. शाळेचं गॅदरिंग होतं, सासूबाईंना ताप येऊन गेला, तुमच्या दादांच्या साहेबाकडे जेवण होतं. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यातलं एकही कारण नाही.

तुमचं दुसरं कार्डही आलं. त्यात एकच ओळ होती: "वहिनी, चायनाग्रासचं काय झालं?" तुम्ही वेडे नाही, हे मला ठाऊक होतं. आनंदाची बातमी असती तर मी सखालाच धाडला असता, हे तुम्ही ओळखलंत.

त्या ओळीवरून घरात वाद झाला. तोही सांगते, म्हणजे माझ्या मागे कोण कोण होतं ते तुम्हाला कळेल.

तुमचे दादा म्हणाले, "त्याला लिही, काही हललं नाही. संपलं."

मी म्हटलं, "आणि हललं असेल तर?"

"हललं असेल तर तुझ्या शाळेच्या टेबलावर हललं. तो पोरगा वांगणीला पोती तोलतोय. टेबल महत्त्वाचं की तो?"

सासूबाई जप करत होत्या. माळ खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, एवढं एक खोटं बोल. देवापुढे त्याचं काय व्हायचं ते माझ्या नावावर मांड. मला आता जास्त दिवस भरायचे नाहीत, मला परवडेल."

भाऊजी, मी बोलणार होते. तुमचे दादा चुकत नव्हते. लिहायला बसले आणि 'हलला नाही' असं लिहिलंही. पुढे हात चालेना. मग कागद फाडला.

तर ऐका.

पहिल्यांदा छोटा गोल लोहचुंबक पेल्याला लावला. वाळूचा डबा सगळ्यांत जोरात धरणारा तोच. पेल्याच्या मध्यावरचा कण जागचा हलला नाही. मग टेकचंदचा मोठा धरला, काचेला न टेकवता, थोडा लांबच. कण आधी नुसता स्वतःभोवती फिरला आणि त्याचं टोक लोहचुंबकाकडे झालं. मग तो निघाला. सावकाश, पण निघाला. त्याच्या मागे चायनाग्रासमध्ये बारीक चीर राहिली. मला वाटलं, फार मऊ जमलं असेल. घट्ट करून पुन्हा केलं. मग निम्मंच घट्ट करून. दर वेळेला चीर पडली.

मी कुठे चुकले तेही लिहिते, कारण ते तुम्हाला आवडेल. मी लोहचुंबकाचा जोर वाळूच्या डब्याने मोजत होते. डबा टोकाला चिकटलेला असतो. चिकटलेलं किती धरतो आणि लांबून किती ओढतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छोट्याचा सगळा जोर त्याच्या तोंडाशी असतो. दोन बोटं लांब गेलं की संपला. मोठ्याचं अंग जे बसून खातं असं मी म्हणत होते, ते बसून खात नाही. त्या अंगामुळे त्याची ओढ लांबवर पोचते. टेकचंदचा हा म्हातारा लोहचुंबक जवळून आळशी झाला असेल, पण त्याचा हात अजून लांब आहे. तुम्ही खोलातल्या कणाला मोठा हवा म्हणालात, ते बरोबर होतं. फक्त तो कण कुठे आहे आणि कुठल्या वाटेने येईल, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही बाजूने धरलात, तो बाजूने आला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, हलला. बहुतेक दुसरा ओरखडा त्याचाच.

आता पहिला प्रश्न. तो मी महिनोन् महिने चहाच्या आणि पायऱ्यांच्या विनोदात बुडवून ठेवला. डावा डोळा गेला. दिसायला जागेवर आहे, कुणाला चटकन कळतही नाही. उजेड आणि अंधार एवढं समजतं, माणूस समजत नाही. सुईत दोरा मला ओवता येत नाही. वर्गात डावीकडच्या मुली काय करतात ते कळत नाही, आणि त्यांना हे कळलं आहे, त्यामुळे सगळ्या वात्रट मुली आता डावीकडे बसतात. मोठ्या बाईंनी वर्ग का काढून घेतले, तेही तुम्ही ओळखलं असेल.

डॉक्टरांना मी जाऊन पुन्हा विचारलं. ते म्हणाले, कण शिरतानाच बरंच नुकसान झालं होतं. दुसऱ्या ओरखड्याने त्यात किती भर पडली, तो नसता तर डोळा वाचला असता का, हे सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडून काढून घ्यायचा खूप प्रयत्न केला. नाही सांगता येत. तेव्हा माझ्या डोळ्यात तुमचा वाटा किती, हे मला काढता आलेलं नाही. वाटा आहे. किती आहे ते माहीत नाही. प्रयोगातून एवढंच निघतं.

मला राग आला का? आला. ज्या दिवशी ती चीर पाहिली, त्या दिवशी आला. तुमचा, विठाचा, तिच्या टाकीचा, आणि उकिडवं बसून बघत राहिलेल्या बाईचा. शाळेचं दार ओढून घेऊन मी घटकाभर रडले. मग रडू थांबलं, पेला विसळला आणि घरी आले. राग परत येतो का म्हणून मी आजपर्यंत वाट पाहिली. पत्राला उशीर व्हायचं खरं कारण ते. आलेला नाही.

तुमच्या दादांनी विचारलं, मग हे सगळं त्याला कळवून तुला काय मिळणार? मला त्यांना नीट सांगता आलं नाही. तुम्हाला सांगते. मी खोटं लिहिलं असतं तर तुम्ही आला असता. पुरणपोळी जेवला असता. आणि मग एक दिवस तुमचे तुम्हीच चायनाग्रास शिजवून बघितलं असतं, कारण तुम्ही तसेच आहात, मी तुम्हाला पुरती ओळखून आहे. त्यानंतर तुम्ही माझ्याकडे बघून हसला असता, मी तुमच्याकडे बघून हसले असते, आणि दोघांनाही माहीत असतं. लोखंड आत राहिलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं आहे.

म्हणून ते बाहेर काढून तुमच्यासमोर ठेवलं. आता तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आता या.

नुसते येऊ नका, काम आहे. होळी जवळ आली. सासूबाई पुरण यंत्रातून काढायला तयार नाहीत, पाट्यावरच वाटायचं म्हणतात. आणि पाटा अजून अर्धाच टाकवलेला आहे. वरच्या अर्ध्यावर वाटण होतं आणि खालच्या अर्ध्यावर घसरतं. गेले कितीतरी महिने हे घर अर्ध्या पाट्यावर जेवतंय. विठाला बोलावलं तर ती उंबऱ्यात बसून राहिली. म्हणाली, "बाई, कुठंबी बोलवा, येईन. त्या पाट्याला मी हात न्हाई लावायची." मी तिला रागावले नाही. पण दोन माणसांनी हात खिशात घातले तर माझं पुरण वाटायचं कोणी?

विठा आपली जुनी टाकी आमच्याकडे टाकून गेली होती. तुमच्या दादांनी ती कारखान्यात नेऊन तिचं डोकं घासून आणलं आहे. सगळे कंगोरे गेले, टाकी नव्यासारखी झाली. जाड काचेचे दोन गॉगलही आणलेत, एक तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी. टाकी कशी धरायची, टोचा किती खोल पाडायचा, ते विठा शेजारी बसून सांगेल. तेवढं ती कबूल झाली आहे. टाकी तुम्ही चालवायची.

टेकचंदचा लोहचुंबकही परत न्यायचा आहे. त्याला मी लोखंडाची एक पट्टी करून घेतली आहे, ती दोन्ही टोकांवर बसते. म्हाताऱ्याचा जोर परत येणार नाही, पण आहे तेवढा तरी टिकेल. तो घेऊन जाल तेव्हा सायकलही तिथेच आहे, आणि चेन पडलेलीच आहे.

सखाबरोबर उत्तर पाठवायच्या भानगडीत पडू नका. सकाळच्या गाडीने या. सासूबाई चणाडाळ भिजत घालतील. मी अंगणात पाट्यापाशी बसेन, तुमच्या डाव्या हाताला, अगदी जवळ. म्हणजे माझा चांगला डोळा तुमच्या हातांकडे राहील. लांब बसा म्हणालात तरी मी सरकणार नाही.

डावा डोळा गेलेली, उजव्याने वाट बघणारी,
वृंदावहिनी